निवृत्तीची न ठरलेली तारीख : डॅलसच्या फर्स्ट बॅप्टिस्ट मंडळीचे प्रकरण

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील डॅलस शहराच्या मध्यवस्तीत असलेल्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चमध्ये ३० सप्टेंबर १९९२ रोजी, बुधवारच्या संध्याकाळच्या उपासनेत, पाळक जोएल ग्रेगरी यांनी आपला राजीनामा जाहीर केला आणि ते तेथून निघून गेले. मंडळीने त्यांना पाचारण केल्याला तेव्हा दोन वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या उपदेशाविषयी तक्रार नव्हती, कारण सदर्न बॅप्टिस्ट या अमेरिकेतील बॅप्टिस्ट संघटनेतील उत्तम उपदेशकांत त्यांची गणना होत असे. शिकवणुकीचा वादही नव्हता, कारण पवित्र शास्त्राच्या अचूकतेविषयी त्यांचे आणि मंडळीचे मत एकच होते. या राजीनाम्याचे मूळ शोधू लागले की हाती येतो तो मंडळीने आपल्या वृद्ध पाळकाला, डब्ल्यू. ए. क्रिसवेल यांना, द्यायचे ठरवलेला मान. तो मान मनापासून दिलेला होता, मंडळीने एकमुखाने मिरवलेला होता आणि तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, त्याने पुढच्या पाळकासाठी जागाच उरू दिली नाही. दीर्घ सेवा केलेल्या पाळकाचा निवृत्तीच्या वेळी सन्मान कसा करावा, या प्रश्नाचा विचार या एका प्रकरणाच्या आधारे येथे केला आहे.

बॅप्टिस्ट मंडळीत पाळक येतो कसा आणि जातो कसा

मराठी वाचकाला बॅप्टिस्ट हे ख्रिस्ती पंथाचे नाव बहुधा विल्यम केरी यांच्यामुळे ठाऊक असतो. सेरामपूरच्या या बॅप्टिस्ट मिशनऱ्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापला, हे आपल्याकडील मुद्रणाच्या इतिहासात आवर्जून सांगितले जाते. परंतु बॅप्टिस्ट मंडळ्यांची अंतर्गत रचना आपल्याकडे फारशी परिचयाची नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा त्यात सामील झालेल्या गटांत उत्तर भारतातील बॅप्टिस्टांचा एक गटही होता आणि त्या एकीकरणात बॅप्टिस्टांनी बिशपपद स्वीकारले. त्यामुळे महाराष्ट्रातल्या त्या परंपरेतील ख्रिस्ती माणसाच्या अनुभवात पाळकसाहेब बदलीवर येतात, बदलीवर जातात आणि नियमात लिहिलेल्या वयाला निवृत्त होतात. निरोपसमारंभात शाल, पुष्पगुच्छ, मानपत्र आणि पंचकमिटीच्या सभासदांची भाषणे होतात. लगेच पुढच्या महिन्यात पाळकबंगल्यात नवे कुटुंब राहायला येते. या व्यवस्थेत दुःख असले तरी संदिग्धता नसते.

अमेरिकेतील स्वतंत्र बॅप्टिस्ट मंडळीत यातले काहीच नसते. तेथे बिशप नाही, बदली नाही आणि निवृत्तीचे वय लादणारी वरची संस्थाही नाही. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही संस्था मिशनकार्य आणि शिक्षणसंस्था चालवते, पण कोणत्याही स्थानिक मंडळीच्या पाळकाला ती नेमू शकत नाही आणि काढूही शकत नाही. मंडळी शोधसमिती नेमते, समिती उमेदवार सुचवते, उमेदवार येऊन उपदेश करतो आणि सभासद मतदान करतात. मिळालेले पाचारण कधी संपणार हे बहुतेक वेळा कोठेही लिहिलेले नसते. पाळक दुसरीकडे गेला, त्याला दूर करण्यात आले किंवा तो वारला, म्हणजे ते संपते. चौथा मार्ग, म्हणजे मानाने निवृत्त होण्याचा, प्रत्येक मंडळीला आपापला शोधावा लागतो.

डॅलसच्या या मंडळीला तो शोधण्याची वेळ जवळजवळ शतकभर आलीच नव्हती, आणि या प्रकरणाची किल्ली मला येथे दिसते. १८६८ मध्ये अवघ्या ११ सभासदांनी सुरू केलेल्या या मंडळीत १८९७ मध्ये जॉर्ज डब्ल्यू. ट्रुएट पाळक म्हणून आले आणि ७ जुलै १९४४ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ४७ वर्षे, त्याच पदावर राहिले. वॉशिंग्टनमध्ये १९२० साली कॅपिटॉलच्या, म्हणजे संसदभवनाच्या, पायऱ्यांवरून धर्मस्वातंत्र्यावर त्यांनी केलेले भाषण बॅप्टिस्ट इतिहासात आजही उद्धृत केले जाते. त्यांच्या मृत्यूनंतर त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात क्रिसवेल आले. म्हणजे १८९७ पासून १९९० पर्यंतच्या ९३ वर्षांत या मंडळीने दोनच पाळक पाहिले होते आणि त्यांच्यातला बदल एकदाच, तोही मृत्यूमुळे, घडला होता. पाळक जिवंत असताना, बाकावर बसलेला असताना, त्याच्या व्यासपीठावर दुसरा माणूस उभा राहतो हे दृश्य कोणाही सभासदाने या इमारतीत पाहिले नव्हते. ज्या घरात कधी वाटणीच झालेली नाही, त्या घरात वाटणीची भाषाही कोणाला येत नाही, तसे काहीसे हे होते.

सन्मान कोणाचा करायचा होता

क्रिसवेल यांचा जन्म १९ डिसेंबर १९०९ रोजी ओक्लाहोमा राज्यातील एल्डोरॅडो येथे झाला आणि बालपण टेक्सासच्या टोकावरील टेक्सलाइन या छोट्या गावात गेले. बेलर विद्यापीठातून पदवी आणि लुईव्हिलच्या सदर्न बॅप्टिस्ट सेमिनरीतून डॉक्टरेट घेऊन त्यांनी ओक्लाहोमातील चिकाशा आणि मस्कोगी येथील मंडळ्यांची सेवा केली. डॅलसचे पाचारण आले तेव्हा ते ३४ वर्षांचे होते. ट्रुएट यांच्यासारख्या गंभीर, संथ आणि राजस वक्त्याच्या जागी हा मोठ्या आवाजाचा, हातवारे करणारा तरुण कसा टिकणार, अशी शंका अनेकांना होती.

तो टिकला, एवढेच म्हणणे अपुरे आहे. १९४६ मध्ये त्यांनी पवित्र शास्त्रातील पहिल्या पुस्तकाच्या, उत्पत्तीच्या, पहिल्या अध्यायापासून उपदेश सुरू केला आणि एका रविवारी जेथे थांबले तेथूनच पुढच्या वेळी सुरुवात करत १९६३ मध्ये शेवटच्या पुस्तकाच्या, प्रकटीकरणाच्या, शेवटापर्यंत पोहोचले. या प्रवासाला १७ वर्षे आणि ८ महिने लागले. मंडळीत कोण केव्हा आले हे सन सांगून नव्हे, तर ‘आम्ही यशयात आलो’, ‘आमचा बाप्तिस्मा तीमथ्याच्या पत्रात झाला’ असे सांगितले जाई, ही आठवण क्रिसवेल स्वतः कौतुकाने सांगत. १९६१ च्या अखेरच्या रात्री त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्राचा एकच धागा उलगडत मध्यरात्र उलटेपर्यंत, चार तासांहून अधिक वेळ, उपदेश केला. सुवार्तिक बिली ग्रॅहम १९५३ मध्ये या मंडळीचे सभासद झाले आणि राहायला दूर नॉर्थ कॅरोलिनात असूनही त्यांनी ते सभासदत्व ५० वर्षांहून अधिक काळ याच मंडळीत ठेवले. तेलसम्राट एच. एल. हंट यांच्यासारखे धनिकही येथे होते. मंडळीचा पट २५ हजारांच्या घरात गेला, इमारती शहराच्या मध्यवस्तीत एकामागून एक चौक व्यापत गेल्या आणि त्यांच्या नावाचे महाविद्यालय, शाळा व रेडिओ केंद्र अशा संस्था १९७० च्या दशकात उभ्या राहिल्या. त्यांच्या पत्नी बेटी क्रिसवेल यांचा शब्बाथशाळेतील वर्ग इतका मोठा होता की त्याला मंडळीतील स्वतंत्र मंडळी म्हटले तरी चालले असते. १९६८ ते १९७० या काळात क्रिसवेल संपूर्ण सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनचे अध्यक्ष होते.

मानपत्रात हे सगळे येते. जे सहसा येत नाही तेही येथे नोंदवले पाहिजे, कारण सन्मान एका माणसाचा करायचा असतो, त्याच्या निवडक वर्षांचा नव्हे. फेब्रुवारी १९५६ मध्ये क्रिसवेल यांनी साउथ कॅरोलिनाच्या विधिमंडळासमोर वंशभेद मोडू पाहणाऱ्यांवर कडवट टीका केली होती. त्या भाषणाचा वापर विभक्ततेच्या समर्थकांनी मनसोक्त केला. १९६८ मध्ये, कन्व्हेन्शनचे अध्यक्ष होण्याच्या सुमारास, त्यांनी आपली भूमिका जाहीरपणे बदलली आणि मंडळीचे दार सर्व वंशांच्या माणसांना उघडे असल्याचे मंडळीकडून मान्य करून घेतले. १९५६ चे भाषण ही आपली घोडचूक होती, हे त्यांनी पुढे कबूल केले. बदल खरा होता असे मानायला जागा आहे. तो उशिरा झाला आणि अध्यक्षपदाच्या वेळेशी जुळून आला, हेही तितकेच खरे आहे. निवृत्त होणाऱ्या पाळकाविषयी बोलताना मंडळीने ही दोन्ही वाक्ये एकाच दमात म्हणावीत, असे माझे मत आहे. एक वाक्य गाळले की सन्मानाची जागा स्तुती घेते, आणि स्तुतीला सत्याइतके वजन नसते.

१९९० ची व्यवस्था

क्रिसवेल ऐंशी वर्षांचे झाल्यावरही मंडळीच्या पाळकपदावर होते. उत्तराधिकारी शोधण्यासाठी समिती बराच काळ काम करत होती, आणि अखेर नोव्हेंबर १९९० मध्ये मंडळीने जोएल ग्रेगरी यांना पाचारण केले. ग्रेगरी फोर्ट वर्थच्या ट्रॅव्हिस अ‍ॅव्हेन्यू मंडळीचे पाळक होते, त्यांनी सेमिनरीत अध्यापन केले होते आणि १९८८ साली सॅन अँटोनिओच्या वार्षिक अधिवेशनात त्यांनी केलेला उपदेश सर्वतोमुखी झाला होता. विद्वत्ता, वक्तृत्व आणि टेक्सासची मुळे या तिन्ही बाबतींत याहून योग्य माणूस समितीला मिळणे कठीण होते. येथवर मंडळीचे काही चुकले असे म्हणता येत नाही.

पुढचा निर्णय कळीचा ठरला. ग्रेगरी ‘पाळक’ झाले, पण क्रिसवेल ‘निवृत्त पाळक’ किंवा ‘पास्टर एमेरिटस’, म्हणजे निवृत्तीनंतरचे सन्माननीय पाळक, झाले नाहीत. त्यांना ‘सीनियर पास्टर’, म्हणजे वरिष्ठ पाळक, हे पद देण्यात आले. अमेरिकन मंडळ्यांत हे पदनाम सहसा प्रमुख पाळकालाच असते. ते त्याच्याहून थोरल्या, निवृत्त होऊ घातलेल्या माणसाला देण्याची प्रथा नाही. मंडळीच्या मनात आदर होता आणि मराठी माणसालाही तो आदर सहज कळेल. वडील घरात असताना थोरल्या मुलाच्या नावाची पाटी दारावर लावत नाहीत, असाच काहीसा तो भाव. पण दारावरची पाटी आणि तिजोरीची किल्ली या दोन गोष्टी एकाच शब्दात बांधल्या गेल्या. मुख्य म्हणजे, ही व्यवस्था कोणत्या दिवशी संपणार हे ठरवले गेले नाही.

ग्रेगरी यांच्या म्हणण्यानुसार, आपण आल्यानंतर काही महिन्यांतच क्रिसवेल बाजूला होतील अशी त्यांची समजूत करून देण्यात आली होती. नंतर त्यांना कळले की डॅलसमधील सेवेची ५० वर्षे, म्हणजे ऑक्टोबर १९९४, पूर्ण होईपर्यंत राहण्याची क्रिसवेल यांची इच्छा आहे. १९९४ मध्ये ग्रेगरी यांनी आपली बाजू पुस्तकरूपाने मांडली, आणि ती एका पक्षाची बाजू आहे हे लक्षात ठेवूनच वाचावी लागते. तरीही ती संपूर्ण बाजूला ठेवली आणि निर्विवाद गोष्टीच तेवढ्या घेतल्या, तरी चित्र फारसे बदलत नाही. क्रिसवेल उपदेश देत राहिले, त्यांचे कार्यालय आणि त्यांच्याशी एकनिष्ठ असलेले सेवक तेथेच राहिले, मंडळीच्या प्रत्येक गंभीर प्रश्नावर ‘डॉक्टर’, म्हणजे क्रिसवेल, ‘काय म्हणतात’ हे विचारले जाणे स्वाभाविक राहिले, आणि नव्या पाळकाच्या हाती जबाबदारी आली तरी अधिकार आला नाही. राजीनामा देताना ग्रेगरी यांच्या म्हणण्याचा रोख हाच होता की मंडळीचे लक्ष नवी सेवा उभी करण्याऐवजी जुनी सेवा लांबवण्यावर केंद्रित झाले आहे.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत असे आपण म्हणतो. पण या म्हणीने दोष दोन तलवारींकडे जातो. मला येथे दोष म्यान घडवणाऱ्यांकडे अधिक दिसतो.

विश्लेषण

पहिला प्रश्न असा विचारला जातो की क्रिसवेल यांनी स्वतःहून दूर व्हायला नको होते काय. उत्तर अर्थातच होय असे आहे, परंतु त्या उत्तराने मंडळीची सुटका होत नाही. ३४ व्या वर्षी ज्या इमारतीत प्रवेश केला तेथेच ८० वे वर्ष ओलांडणाऱ्या माणसाचे घर, मैत्री, दिनक्रम, नाव आणि देवाने आपल्याला बोलावले आहे ही खात्री, सगळे एकाच जागी गोळा झालेले असते. त्याला ‘तुम्हीच तारीख सांगा’ असे म्हणणे आदराचे वाटते, पण प्रत्यक्षात ते एक अवघड ओझे त्याच्याच खांद्यावर टाकणे आहे. बॅप्टिस्ट परंपरेत अंतिम निर्णय मंडळीचा असतो, आणि तो अधिकार पाचारण करताना वापरायचा व निरोप देताना खिशात ठेवायचा, हे त्या परंपरेच्या तत्त्वाशीच विसंगत आहे. डीकनांच्या, म्हणजे मंडळीच्या सेवक-पुढाऱ्यांच्या, सभेत ही गोष्ट कोणी तरी उघडपणे काढायला हवी होती. काढणाऱ्याला कृतघ्न ठरवले गेले असते, हे मला मान्य आहे.

दुसरी गोष्ट सन्मानाच्या साधनांविषयीची. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, उपदेश आणि शिक्षण यांत श्रम करणारे वडील दुप्पट सन्मानास योग्य आहेत असे म्हटले आहे. त्याच्या लगेच पुढच्या वचनात मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नका आणि कामकरी आपल्या मजुरीला योग्य आहे, हे येते. म्हणजे मूळ संदर्भात सन्मान हा शब्द उदरनिर्वाहापासून वेगळा काढता येत नाही. सदर्न बॅप्टिस्टांनी १९१८ मध्ये वृद्ध पाळक, त्यांच्या विधवा आणि मुले यांच्यासाठी निवृत्तिवेतनाची यंत्रणा उभी केली. तिचे मुख्यालय डॅलसमध्येच आहे. लहान मंडळीचा पाळक अनेकदा निवृत्त होऊ शकत नाही, कारण त्याच्यापाशी पैसे नसतात आणि आयुष्यभर पाळकबंगल्यात राहिल्यामुळे स्वतःचे घरही नसते. मोठ्या मंडळीच्या पाळकाला ही अडचण नसते. तो निवृत्त होऊ शकत नाही याचे कारण आर्थिक नसून, व्यासपीठाखेरीज त्याला दुसरी जागाच कोणी दाखवलेली नसते. क्रिसवेल यांना घर, वेतन, नावाची संस्था, प्रवास आणि ग्रंथलेखन हे सारे मंडळी देऊ शकत होती आणि त्यातले बरेच तिने दिलेही. फक्त व्यासपीठ मागे घेण्याचे धैर्य तिने दाखवले नाही.

याच ठिकाणी तुलनेसाठी दुसऱ्या दोन मंडळ्यांकडे पाहणे उपयोगी ठरते. अटलांटाच्या एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चमध्ये मार्टिन लूथर किंग सीनियर १९३१ पासून पाळक होते. त्यांच्या आधीचे ए. डी. विल्यम्स हे त्यांचे सासरे, आणि तेही मृत्यूपर्यंत पदावर होते. म्हणजे त्या मंडळीलाही जिवंत पाळकाच्या निवृत्तीचा सराव नव्हता. शिवाय व्यासपीठ कुटुंबातच राहील अशी अपेक्षा होती, कारण धाकटे मार्टिन लूथर किंग १९६० पासून वडिलांचे सहपाळक होते. १९६८ मध्ये त्यांची हत्या झाली, १९६९ मध्ये दुसरा मुलगा ए. डी. किंग पोहण्याच्या तलावात बुडून मरण पावला आणि ३० जून १९७४ रोजी पत्नी अल्बर्टा यांना चर्चमध्येच, ऑर्गन वाजवत असताना, गोळ्या घालण्यात आल्या. इतके घडल्यावर मंडळीने या माणसाला हवे तितके दिवस व्यासपीठावर ठेवले असते तरी कोणी नाव ठेवले नसते. तरीही १९७५ मध्ये ते निवृत्त झाले आणि मंडळीने जोसेफ रॉबर्ट्स यांना बोलावले, जे किंग कुटुंबातले नव्हते आणि प्रेस्बिटेरियन सेवेतून आलेले होते. किंग सीनियर १९८४ पर्यंत जगले, १९७६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात त्यांनी आशीर्वादाची प्रार्थना केली आणि देशभर त्यांचा मान राहिला. रॉबर्ट्स यांनी तेथे २००५ पर्यंत, ३० वर्षे, सेवा केली.

दुसरे उदाहरण तर डॅलसच्याच वर्षाचे आहे. ब्रुकलिनच्या कॉनकॉर्ड बॅप्टिस्ट चर्चचे गार्डनर टेलर १९४८ पासून ४२ वर्षे सेवा करून १९९० मध्ये निवृत्त झाले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय उपदेशकांचे ते मुकुटमणी मानले जात आणि १९५२ मध्ये चर्चची इमारत आगीत गेल्यावर ती पुन्हा उभी करण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. त्यांच्या जागी त्याच वर्षी तरुण गॅरी सिम्पसन आले आणि कित्येक वर्षे राहिले. टेलर पुढे देशभर उपदेश करत फिरले. २००० साली त्यांना राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले. म्हणजे दीर्घ सेवा, मोठे नाव, वृद्धत्व आणि मंडळीचे प्रेम या चारही गोष्टी डॅलसप्रमाणेच तेथेही होत्या. वेगळे होते ते एवढेच की पद रिकामे झाले आणि मग भरले गेले.

डॅलसच्या प्रकरणात मात्र एक गोष्ट अशी आहे जी माझ्या मांडणीला सरळ जाऊ देत नाही, आणि ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ग्रेगरी गेल्यानंतर १९९३ मध्ये फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेलहून ओ. एस. हॉकिन्स आले, तेव्हाही क्रिसवेल तेथेच होते. तरीही त्यांचा काळ असा कडेलोटापर्यंत गेला नाही. मग केवळ पदनामाला दोष कसा द्यायचा? स्वभावाचा भाग त्यात निश्चित असणार. हॉकिन्स यांनी थोरल्या पाळकाविषयीचा आदर उघडपणे जपला. परंतु परिस्थितीही बदलली होती. ५० वर्षांचा टप्पा आता दूरचा आणि अनिश्चित राहिला नव्हता, तो डोळ्यांसमोर दिसत होता. आणि एका पाळकाच्या राजीनाम्याने होणारी शोभा मंडळीने एकदा पाहिली होती. दोन माणसांना एकत्र राहावे लागणार असेल, तर शेवटचा दिवस माहीत असणे हे सोसण्याचे बळ देते. ग्रेगरी यांच्यापाशी तो दिवस नव्हता, कारण त्यांना सांगितलेला दिवस आणि प्रत्यक्षातला दिवस यांत वर्षांचे अंतर पडत गेले.

शास्त्रातच या रचनेचा एक विसरलेला नमुना आहे. गणना या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात लेव्यांसाठी, म्हणजे उपासनास्थानाची सेवा करणाऱ्या वंशासाठी, नियम आहे की पंचविसाव्या वर्षापासून त्यांनी दर्शनमंडपाच्या कामात यावे आणि पन्नासाव्या वर्षी सेवेतून निवृत्त व्हावे. त्यानंतर त्यांनी भाऊबंदांना राखणदारीत मदत करावी, परंतु सेवा करू नये. वय लिहिलेले आहे, थांबणे लिहिलेले आहे, थांबल्यावरचे मानाचे काम लिहिलेले आहे आणि कोणते काम करायचे नाही तेही लिहिलेले आहे. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत एकेक वचन उलगडत जाणाऱ्या पाळकाच्या मंडळीने हा परिच्छेद ऐकला असणारच. तो आपल्याच कारभाराविषयी आहे असे तेव्हा कोणाला वाटले नसावे, आणि वाटावे तरी कसे, ऐकवणारे तेव्हा तरुण होते.

व्यवहारात पाहिले तर मंडळीने पाचारणाच्या मतदानापूर्वीच चार ओळी लिहून ठेवल्या असत्या तर पुरेसे होते : वृद्ध पाळकांचा शेवटचा रविवार कोणता, त्यानंतर ते नव्या पाळकाच्या निमंत्रणाखेरीज व्यासपीठावर येणार नाहीत, कर्मचाऱ्यांना आदेश कोण देणार, आणि पन्नास वर्षे पूर्ण होतील तो दिवस मंडळी त्यांच्यासाठी कसा साजरा करणार. शेवटची ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. क्रिसवेल यांना ऑक्टोबर १९९४ हवा होता यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते. पाळकपद न धरताही तो दिवस त्यांना मिळू शकला असता, नव्या पाळकाच्या हातून आणि भरलेल्या मंदिरात. पण तसे आश्वासन वेळेवर कोणी दिले नाही, म्हणून तो दिवस गाठण्याचा एकच मार्ग त्यांना उरला, तो म्हणजे पदावर राहणे.

नंतरची वर्षे

सेवेचे अर्धशतक झाल्यावर क्रिसवेल पास्टर एमेरिटस झाले. हॉकिन्स यांनी १९९७ मध्ये डॅलसची मंडळी सोडली ती सदर्न बॅप्टिस्टांच्या त्याच निवृत्तिवेतन मंडळाचे प्रमुख होण्यासाठी, आणि पुढची सुमारे २५ वर्षे वृद्ध पाळकांच्या उदरनिर्वाहाचा हिशेब सांभाळणे हेच त्यांचे काम झाले. ग्रेगरी यांनी राजीनाम्यानंतर काही काळ फोर्ट वर्थमध्ये अंत्यविधीच्या आगाऊ योजना घरोघर विकून पोट भरले. नंतर ते व्यासपीठावर परतले आणि बेलर विद्यापीठाच्या ज्या सेमिनरीत त्यांनी अनेक वर्षे उपदेशशास्त्र शिकवले, तिला जॉर्ज ट्रुएट यांचे नाव आहे.

१९९९ मध्ये मॅक ब्रन्सन पाळक म्हणून आले तेव्हा क्रिसवेल नव्वदीच्या उंबरठ्यावर होते. या वेळी त्यांच्याकडे सन्माननीय पाळक हे नाव होते, पण पाळकपदाचा कारभार नव्हता. १० जानेवारी २००२ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, डॅलसमध्येच त्यांचे निधन झाले. १८९० मध्ये बांधलेले, ट्रुएट आणि क्रिसवेल या दोघांनी मिळून जवळजवळ शतकभर गाजवलेले ते विटांचे जुने मंदिर १९ जुलै २०२४ च्या आगीत आतून जळून गेले.